सशाच्या टाचांना जखमा, शेपटीखाली लाल कातडी, कानाला खपल्या: मलम कोणतं लावायचं?

मऊकान

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅटमध्ये ससा पाळलाय. नर, वय साडेतीन वर्षं, वजन २ किलो ४०० ग्रॅम. पिंजरा उद्यमनगरातून वेल्डिंग करून घेतलेला, तळाला पूर्ण जाळी आणि खाली सरकता ट्रे. पाऊस सुरू झाल्यापासून पिंजरा गॅलरीतून आत घेतलाय, पण हवा दमट आहे आणि काहीच नीट वाळत नाही.

सध्या दिसतंय ते असं. मागच्या दोन्ही टाचांखालचे केस गेलेत. डाव्या टाचेवर करंगळीच्या नखाएवढा लाल चट्टा, मधे खपली. शेपटीखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केस ओले, चिकट, पिवळट, खालची कातडी लाल आणि वास येतो. तिसरं म्हणजे कानांच्या कडेला आणि नाकाच्या वरच्या भागावर पांढरट-करड्या खपल्या, तिथं सारखा खाजवतो. कानाच्या आत स्वच्छ आहे.

खाणं चालू आहे, लेंड्या नेहमीसारख्या. आहारात लसूणघास, वाटीभर गोळी खाद्य, थोडं गाजर. लघवी दाट, पांढरट पडते, वाळली की खडूसारखा थर धरतो.

घरात बीटाडीनचं मलम, खाज-गजकर्णाची मेडिकलमधली ट्यूब आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले फिप्रोनिलचे थेंब आहेत. यातलं काय चालेल? अंघोळ घालून मग औषध लावावं का?

पन्हाळावारा

बाकीचं सविस्तर कुणीतरी लिहीलच. आधी एवढं: फिप्रोनिल सशाला लावायचं नाही. कुत्र्या-मांजरांना चालतं, सशाला विषारी आहे. ससा सुस्त पडतो, खाणं सोडतो, झटके येतात, मरतोही. लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही, काही दिवसांनीही सुरू होतात. चुकून लागलंच तर तेवढी जागा सौम्य साबणाने धुवा, पूर्ण कोरडी करा, सशाला उबदार ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा. अंघोळ घालू नका. पूर्ण भिजलेला ससा गारठतो आणि घाबरून जोरात लाथ मारतो, त्यात पाठीचा कणा मोडू शकतो.

वैरणकाडी

मऊकान, तुम्ही तीन जागा वेगवेगळ्या सांगितल्या हे फार बरं केलं, कारण या तिन्हींची कारणं वेगळी असणार. सशाच्या कातडीचं दुखणं कुठं आहे ते बघितलं की निम्मं निदान होतं. टाच म्हटलं की जमीन आणि वजन. शेपटीखालचा भाग म्हटलं की लघवी. कानाची कड आणि नाक म्हटलं की खरजेचा किडा. हनुवटी ओली असेल तर दात. गळ्याखालची लोंबती घडी ओली असेल तर पाण्याचं भांडं. एकच ट्यूब सगळीकडे चोपडून यातलं काहीही बरं होत नाही.

मी टाचांबद्दल लिहितो, कारण मूळ तिथं आहे आणि ते तुमच्या हातात आहे.

कुत्र्या-मांजराच्या तळव्याला गादी असते, सशाला नसते. त्याच्या तळपायाला फक्त दाट केस असतात आणि तीच त्याची गादी. जाळीवर उभं राहिलं की सगळं वजन चार-दोन तारांवर येतं. तिथला रक्तपुरवठा दबतो, केस झिजतात, मग कातडी फाटते आणि लघवी लागून ती चिघळते. नखं वाढली असतील तर बोटं वर उचलली जातात आणि भार आणखी मागे, टाचेवर जातो. सशाचं वजन जास्त असेल किंवा तो दिवसभर एकाच जागी बसून असेल तर आणखी लवकर. रेक्स जातीच्या सशांना तळपायाला केस मुळातच विरळ असतात, त्यांना हे हमखास होतं.

नुसतं केस गेलेलं, गुलाबी, कोरडं, न फाटलेलं टक्कल पुष्कळ सशांना असतं. त्याला औषध नको, मऊ जमीन पुरते. उजवी टाच तशी असेल तर तिला हात लावू नका. डावीवर खपली आहे म्हणजे कातडी फाटून गेलीय. ती खपली उचकटू नका.

आज करायचं काम म्हणजे जाळी झाकणं. ट्रेच्या मापाचा प्लायवूड किंवा जाड प्लॅस्टिकचा पत्रा जाळीवर टाका. त्यावर वर्तमानपत्राचे आठ-दहा थर, आणि वर धुता येणारं जाड फ्लीसचं कापड किंवा जुनी चादर दुमडून. फ्लीस ओल खाली कागदात सोडतं आणि वर कोरडं राहतं, म्हणून ते चांगलं. टॉवेलचे दोरे निघतात, ससा ते गिळतो आणि आतड्यात अडकतात. गोणपाटाचंही तेच. कापड कुरतडणारा ससा असेल तर कापड नकोच. कोरड्या गवताचा तीन-चार इंच थर द्या, बसल्यावर तो निम्मा होतो.

भाताचं पिंजर आपल्याकडे सहज मिळतं आणि मऊही असतं, पण पावसाळ्यात त्याला बुरशी फार लवकर येते. हातात घेऊन नाकाशी धरा. कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर ते आत घालू नका. टिंबर मार्केटातला बारीक भुसाही टाळा. तो ओल्या जखमेला चिकटून बसतो, आणि चिरकाम मिश्र लाकडाचं असल्यामुळे त्यात काय काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

जखमेचं असं करा. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची बाटली आणा, कोमट करून त्याने जागा धुवा. मग ५ टक्क्यांचं बीटाडीन द्रावण १ भाग आणि उकळून गार केलेलं पाणी ९ ते १० भाग असं फिक्या चहाच्या रंगाचं करून कापसाच्या बोळ्याने टिपा. चोळायचं नाही. घट्ट बीटाडीनने कोवळी नवी कातडीही जळते. गॉजने टिपून कोरडं करा. दिवसातून दोनदा. तुमच्याकडचं बीटाडीन मलम केसात माखून राहतं आणि ससा ते चाटतो, त्यामुळे पातळ द्रावण बरं. उघड्या जखमेवर डॉक्टर बहुधा १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचं क्रीम सांगतील. ते अगदी पातळ लावायचं आणि दहा मिनिटं समोर कोथिंबीर धरून त्याला गुंतवायचं, म्हणजे तेवढ्यात क्रीम मुरतं.

पू, सूज, पाय उचलून धरणं, टाच गरम लागणं यातलं काही दिसलं तर घरचा उपाय थांबवा. संसर्ग हाडापर्यंत गेला असेल तर ते एक्स-रेशिवाय कळत नाही आणि मग महिनोन्महिने औषध चालतं. साधी जखमसुद्धा भरायला काही आठवडे घेते. दोन दिवसांत फरक नाही म्हणून मलम बदलत बसू नका.

करवीरपशु

वैरणकाडींनी टाचांचं सगळं लिहिलंय. मी कान-नाक आणि औषधांपुरतं लिहितो.

कानाच्या आत स्वच्छ, पण कडेला, नाकावर करड्या खपल्या आणि सतत खाज, हे वर्णन सार्कोप्टिसच्या खरजेला जुळतं. ती पुढे ओठ, पापण्या आणि पंज्यांवर, नखांच्या मुळाशी पसरते. कानाच्या आत तपकिरी, थरावर थर चढलेल्या पापुद्र्यासारख्या खपल्या असत्या तर तो सोरोप्टिस हा कानातला किडा. त्या खपल्या कधीही काढू नयेत, खाली कातडी सोललेली असते आणि भयंकर दुखतं. औषध लागू पडलं की त्या आपोआप सुटून येतात. पाठीवर, मानेमागे कोंडा आणि तो कोंडा हलताना दिसला तर तो चेलेटिएला हा किडा. गोल चट्टे, तुटके केस आणि त्या मानाने खाज कमी असेल तर गजकर्णाची शंका.

नुसतं बघून यातलं नक्की सांगता येत नाही. डॉक्टर खपलीच्या कडेला ब्लेडने खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. एका खरवडीत किडा सापडला नाही म्हणून खरूज नाही असंही नसतं, सार्कोप्टिस कातडीच्या आत बीळ करून राहतो. गजकर्णासाठी केसांचा नमुना देतात. गजकर्ण तपासायच्या निळ्या दिव्याखाली केस चमकले नाहीत म्हणून गजकर्ण नाही असं कुणी म्हणालं तर ते धरू नका. सशात बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन ही बुरशी असते आणि ती त्या दिव्याखाली चमकत नाही.

घरात कुणाच्या मनगटावर, पोटावर, दंडाच्या आत बारीक खाजरे पुरळ उठलेत का? सार्कोप्टिस, चेलेटिएला आणि गजकर्ण तिन्ही माणसाला लागतात. ससा हाताळताना हातमोजे घाला आणि तो गादीवर घेऊ नका.

औषध बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन. ते डॉक्टरांकडूनच घ्या. कारण सांगतो. मात्रा किलोला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. बाजारात मिळणारं जनावरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. तुमच्या २.४ किलोच्या सशाला ०.०५ ते ०.१ मिलीच्या आसपास लागतं. हे औषध गाई-म्हशींच्या हिशोबाने भरलेलं असतं, ५ मिलीच्या सिरिंजवर एवढी मात्रा मोजताच येत नाही. अंदाजाने अर्धा मिली टोचलं तर पाच ते दहा पट होतं. इन्सुलिनच्या बारीक सिरिंजनेच भरावं लागतं, तेही ती ४० युनिटची आहे की १०० ची हे बघून.

औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा द्यावं लागतं. पहिल्या डोसनंतर खाज थांबते आणि लोक पुढचे डोस सोडून देतात. राहिलेली अंडी फुटली की खरूज परत. घरात दुसरा ससा असेल तर तो निरोगी दिसला तरी त्याचाही उपचार सोबतच.

तुमच्या त्या खाज-गजकर्णाच्या ट्यूबवरचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही लिहिलं असेल तर ती बाजूला ठेवा. ही स्टेरॉइडं आहेत. सशाच्या पातळ कातडीतून ती चटकन आत जातात, वरून तो चाटतो. प्रतिकारशक्ती बसते आणि किडा, बुरशी दोन्ही जोमाने वाढतात. पहिले चार दिवस लाली उतरल्यासारखी दिसते, म्हणून फसगत होते.

आणि प्रतिजैविकं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन हे तोंडाने सशाला कधीच नाही. पोटातले चांगले जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जुलाब लागून ससा दगावतो. लागलंच तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम डॉक्टर देतात. चिठ्ठीवर आधीच्या यादीतलं नाव दिसलं तर संकोच न करता "डॉक्टर, हे सशाला तोंडाने चालेल का?" असं विचारा.

गवतीचहा

खोबरेल तेलात हळद घालून लावा, आमच्याकडे सगळ्या जनावरांना तेच लावतात. नाहीतर कडुलिंबाचं तेल. केमिकलपेक्षा बरं.

वैरणकाडी

गवतीचहा, हळद वाईट नाही, पण सशाच्या बाबतीत अडचण तेलाची आहे. केस तेलकट झाले की चिकटून गठ्ठा होतो, खाली हवा लागत नाही आणि दमट हवेत तिथंच कातडी कुजते. शिवाय ससा दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटत असतो, त्याला उलटी होत नाही, जे गेलं ते पोटात राहिलं. कडुलिंबाचं तेल उग्र असतं, फाटलेल्या कातडीला झोंबतं. गुरांच्या जखमेवर मारायचे टर्पेंटाइन, निलगिरीचे स्प्रेसुद्धा याच कारणाने नकोत. गाईचं कातडं आणि सशाचं कातडं यात फार फरक आहे.

मऊकान

खूप आभार सगळ्यांचे. आता जाळीवर प्लाय आणि फ्लीस टाकलंय. ट्यूबवर क्लोबेटासोलच लिहिलंय, ती वापरणार नाही. धाकट्या मुलाच्या मनगटावर पुरळ आहेत, म्हणजे करवीरपशु म्हणाले तसंच दिसतंय.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. शेपटीखालचं धुवायचं तर भिजवू नका म्हणता, मग कसं? आणि टाचेला पट्टी बांधू का?

शेणगोळा

मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या आणि घरात ससा आहे, त्याला खरजेची शंका आहे हे आवर्जून सांगा. तिथं पुरळावर वेगळंच औषध दिलं जाऊ नये म्हणून.

शेपटीखालचं: तेवढाच भाग धुवायचा. उथळ पातेल्यात दोन इंच कोमट पाणी, ससा छातीशी धरून फक्त मागचा भाग पाण्यात. साबण नको. वाळलेली घाण ओढू नका, दोन मिनिटं भिजू द्या म्हणजे सुटते. मग टॉवेलने दाबून दाबून टिपा आणि पूर्ण वाळल्याशिवाय सोडू नका. अर्धवट ओला ठेवण्यापेक्षा न धुतलेला बरा. गुठळी झालेले केस कात्रीने कापायला जाऊ नका. सशाची कातडी केसासोबत तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. ट्रिमर असेल तर बोटाने कातडी ताणून धरून हळू फिरवा, नाहीतर डॉक्टरांकडून करून घ्या. टाल्कम पावडर नको, ती फुप्फुसात जाते.

हे झालं धुण्याचं. पण तुम्ही लघवीचा खडूसारखा थर लिहिलाय, तो सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे. ससा खाल्लेलं कॅल्शियम जवळजवळ सगळं शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. थोडी गढूळ लघवी नेहमीची. दाट, रेतीसारखी, पेस्टसारखी होत असेल तर मूत्राशयात गाळ साचतोय. मग लघवी थेंबथेंब गळते, मांड्या ओल्या राहतात आणि कातडी भाजल्यासारखी होते. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिल्लाला ठीक, साडेतीन वर्षांच्या सशाला रोजचं मुख्य खाणं म्हणून नको. ती हळूहळू आठ-दहा दिवसांत कमी करा आणि त्या जागी वाळलेलं गवत, हरळी. गोळी खाद्य किलोमागे २५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे तुमच्याकडे दिवसाला जास्तीत जास्त ६० ग्रॅम, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून बघा. वाटीभर म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट निघतं. पाणी बाटलीऐवजी जड भांड्यात द्या, ससे त्यातून जास्त पितात. फक्त भांडं चार-पाच इंच रुंद आणि जड असू दे, नाहीतर गळ्याखालचे केस भिजत राहतात.

मूत्राशयाचा एक्स-रे मात्र करून घ्या. आणि जाडीमुळे तो मागे वळून स्वतःला साफ करू शकतोय का तेही बघा. रात्रीच्या मऊ लेंड्या ससा थेट तोंडाने उचलून खातो. त्या शेपटीखाली चिकटलेल्या सापडत असतील तर तो तिथपर्यंत पोचत नाही: वजन, पाठ किंवा सांधे यापैकी काहीतरी आहे.

ट्रेमधला खडूसारखा थर पांढऱ्या व्हिनेगरने पंधरा मिनिटं भिजवून निघतो. फिनेल वापरू नका, त्याच्या वाफेने आणि उरलेल्या अंशाने कातडी आणखी चिडते. ब्लीच वापरलं तर व्हिनेगरसोबत कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

पन्हाळावारा

शेणगोळांच्या प्रतिसादाला जोडून एक, कारण दिवस पावसाचे आहेत. ओल्या, वास येणाऱ्या मागच्या भागावर माशा अंडी घालतात. गुरांच्या जखमेत अळ्या पडतात तशाच सशालाही पडतात, पण इथं सगळं काही तासांचं असतं. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत कातडीत शिरतात. त्यामुळे सध्या सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून बघा. केसांच्या मुळाशी तांदळाच्या कणीसारखे पिवळसर पांढरे पुंजके दिसले तर ती अंडी, बारीक कंगव्याने लगेच काढा. अळी दिसली तर चिमट्याने दिसतील तेवढ्या काढत दवाखान्याची वाट धरा, रात्र असली तरी. टर्पेंटाइन, फिनेल, डांबरगोळीची पूड असलं काही जखमेत ओतू नका, ससा त्यानेच जाईल. खिडकीला मच्छरजाळी लावली तर निम्मी काळजी मिटते.

वैरणकाडी

पट्टीबद्दल. तुमच्या वर्णनावरून सध्या नको. जमीन मऊ आणि कोरडी असेल तर उघडी जखम लवकर सुकते. कातडी उघडून ओलं मांस दिसायला लागलं तरच पट्टी, आणि पहिली पट्टी डॉक्टरांसमोर बांधून शिकून घ्या. आत न चिकटणारं पॅड, त्यावर मऊ कापूस, वर स्वतःला चिकटणारी कोहेसिव्ह पट्टी, न ताणता. बोटांची टोकं बाहेर दिसली पाहिजेत. ती सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट आहे, लगेच सोडा. ओली झाली की त्याच क्षणी बदला, नाहीतर दर एक-दोन दिवसांनी. ससा पट्टी कुरतडत असेल तर काढून टाका, गिळलेली पट्टी जखमेपेक्षा महाग पडते. गळ्यात शंकूची कॉलर शक्यतो नको, ती घातली की त्याला मऊ लेंड्या खाता येत नाहीत आणि खाणंच मंदावतं.

नखंही बघा. कापायची तर उजेडात धरून आतली गुलाबी शीर दिसते तिच्यापुढे दोन मिलिमीटर सोडून. नखं काळी असतील तर मागून मोबाइलचा टॉर्च धरा.

करवीरपशु

दवाखान्याचं. फोन करून आधी विचारा की तिथं ससे बघतात का आणि खरवडून तपासायची सोय आहे का. आपल्याकडचा बराचसा अनुभव दुभत्या जनावरांचा आणि कुत्र्यांचा आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात काही वावगं नाही. इथं जमलं नाही तर पुण्याच्या रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं फोन करून मग निघा.

जाताना उपाशी नेऊ नका. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे भुलीआधीसुद्धा त्याला कुत्र्यासारखं उपाशी ठेवत नाहीत. सोबत त्याचं नेहमीचं गवत, ट्रेमधली लघवी छोट्या स्वच्छ डबीत, लेंड्यांचा नमुना आणि तुमच्या त्या ट्यूबचं खोकं न्या. वजन त्याच दिवशीचं सांगा, मात्रा त्यावर ठरते. वेदनाशामक मागून घ्या, पण घरातली माणसांची गोळी तोडून देऊ नका. आणि मधल्या काळात त्याने १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर जखम बाजूला राहू द्या. ते पोट बंद पडल्याचं लक्षण आहे, त्याच रात्री डॉक्टर गाठा.

मऊकान

उद्या सकाळची वेळ मिळालीय, खरवडून तपासतात म्हणाले. एक्स-रेचंही विचारलं, तो तिथंच होईल. गोळी खाद्य काट्यावर मोजलं, ११० ग्रॅम भरलं. रिपोर्ट आला की इथंच लिहितो.

शेणगोळा

११० वरून ६० वर एका दिवसात आणू नका. दर दोन-तीन दिवसांनी १० ग्रॅम कमी करा आणि गवत समोर कायम असू द्या.